साळवेमामांचं कडं

फवारणीच्या कंपनीने किसन साळवे यांना फसवलं. त्यांची युक्ती घेतली आणि त्यांच्या नावावर निष्काळजीपणा लिहून ठेवला. ज्या कागदावर हे लिहिलं आहे, त्याच्या तळाशी साक्षीदार म्हणून माझी सही आहे. म्हणजे फसवणाऱ्यांत मीही आलो. हे आधीच सांगून टाकतो. मी धंदेवाला माणूस आहे. मालातली खोट गिऱ्हाइकाला सापडायच्या आत मी स्वतः दाखवतो, म्हणजे पुढची बोलणी सरळ होतात.

साळवेमामा दौंडचे. रेल्वेच्या यार्डात मालगाडीचे डबे तपासायचं काम त्यांनी उभा जन्म केलं. फिटर म्हणून लागले, फिटर म्हणूनच निवृत्त झाले. गाडी येऊन थांबली की एकेका चाकाजवळच्या बेअरिंगच्या पेटीला हात लावून बघायचं, तापलेली असली तर खडूने खूण करून डबा बाजूला काढायला लावायचा. हात लावायची त्यांची रीत वेगळी होती. तळहात नाही, बोटांची मागची बाजू टेकवायचे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "भाजलाच तर उलटा भाजू दे. सुलट्या हाताला अजून लई कामं हायती."

त्यांच्या हाताची मागची कातडी जुन्या चामड्यासारखी काळपट आणि चकचकीत झाली होती. खिशात एक चिंधी, खडूचा तुकडा आणि रॉकेलची औषधाएवढी बाटली कायम. त्या रॉकेलच्या वासामुळे एसटीत त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे, आणि मामा त्यावर खूश असत. "ऐसपैस बसाया मिळतं," म्हणायचे.

आमची ओळख भांडणातून झाली. शिरूरच्या बाजारात गोणपाट अंथरून जुने नटबोल्ट विकत मी वर आलो. सत्तर सालाच्या सुमारास माझं दुकान होतं, मागे एक लेथ होती, पाण्याचा टँकर होता. दौंडला रेल्वेच्या भंगारात जुन्या शाफ्टचा एक ढीग मी भाव पाडून पाडून मिळवला आणि खुशीत मिशीवर हात फिरवत उभा होतो. रुळावर बसलेला एक माणूस म्हणाला, "शेठ, घासाघीस झ्याक केली. पर माल बघितला का नुसतं समोरच्याचं तोंडच बघितलं?"

मी तापलो. त्याने एका शाफ्टवर रॉकेल चोळलं, चिंधीने कोरडं पुसलं, वरून खडू घासला आणि बारक्या हातोडीने दोन ठोके दिले. पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर आलं होतं. त्या ढिगातले निम्मे शाफ्ट तसेच निघाले. चार लोकांदेखत माझी फजिती झाली. मी गुरगुरत विचारलं, "किती घेणार या शहाणपणाचं?"

"चहा. पर हितं न्हाई, तुमच्या दुकानात. एवढी घासाघीस करनाऱ्या मानसाचं दुकान एकदा बघायचंय."

आले. दारातच थांबले. माझ्या खुर्चीवर नवा विजेचा पंखा टांगलेला होता.

"ह्याची पिन गेली तर पंखा कुठं पडंल?"

"कशाला जाईल पिन? नवा पंखा आहे मामा."

"जाईल का, ते इचारलं न्हाई. कुठं पडंल, ते इचारलं."

मी खुर्चीकडे बघितलं. मामा शिडी मागून वर चढले आणि पंख्याच्या दांडीतून एक साखळी ओवून ती वरच्या तुळईला बांधून आले. मग चहा प्याले. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, "काय शेठ, पंख्याची मुंज केली का? जानवं घातलंय." सगळ्यात जास्त मामाच हसले. "घालू द्या त्याला," म्हणाले, "आमी सोताला घालनार न्हाई, पंख्याला बांदाया काय जातंय?"

दोन उन्हाळे गेले आणि एका दुपारी ती पिन खरंच तुटली. पंखा वीतभर खाली येऊन साखळीला लटकला. पाती वाकडी झाली, पण माझं डोकं जागेवर राहिलं. मी पेढे घेऊन दौंडला त्यांच्या वस्तीत गेलो. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तसबिरीला खिळे दोन: एकावर टांगलेली, दुसरा खाली टेकू म्हणून. मामांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. म्हणाले, "साखळीचा कुठला दुवा ताणला?"

मला काय माहीत! मी वाचलो एवढंच मला कळत होतं. ते माझ्याबरोबर शिरूरला आले, साखळी उतरवून दुवा न् दुवा बोटांनी चाचपला, एक दुवा लांबट झालेला सापडला. ती काढून जाड साखळी बांधली आणि मगच पेढा खाल्ला.

वस्तीतल्या विहारावर कर्ण्याचा खांब उभा केला तेव्हाही त्यांनी एक दोर जास्तीचा बांधायला लावला होता. लग्नात गेले तर आधी मांडवाचे खांब बघत. लोकांना वाटे, या म्हाताऱ्याच्या मनात सदा अपशकुन. मला तसं कधी वाटलं नाही. जो माणूस प्रत्येक वस्तू मोडणार हे धरून चालतो आणि तरी दिवसभर हसतमुख असतो, तो भित्रा कसा असेल? मालगाडीखाली ब्रेकची लांब दांडी असते. तिच्याखाली एक लोखंडी पट्टी वळवून लावलेली असते. दांडीची पिन तुटली, तर दांडी रुळावर पडून गाडी उलथवत नाही, त्या पट्टीत झेलली जाते. मामा मला वाकून ती पट्टी दाखवायचे. "ही पट्टी कुनी पयल्यांदा लावली, ठावं न्हाई. पर त्याच्या आधी कुठंतरी दांडी पडली असनार, आन् मानसं मेली असनार. त्या मानसांची ही पट्टी हाय."

आता हेलिकॉप्टर.

एका साली उसावर कीड पडली आणि वरून औषध मारायला एका खाजगी कंपनीचं हेलिकॉप्टर आलं. शिरूर-दौंड रस्त्याला एका माळावर तळ पडला. पाणी, पिंपं, ट्रॅक्टर आणि हाताखालची माणसं पुरवायचं काम मी मिळवलं. यंत्राची जाण असलेला एक माणूस हवा होता, म्हणून तोवर निवृत्त झालेल्या मामांना आणलं. कंपनीच्या वहीत त्यांची नोंद झाली 'अकुशल मदतनीस'. मी भडकलो. मामा म्हणाले, "असू द्या. ल्ह्यायला शाई त्यांची हाय."

बैलगाड्या जुंपून लोक बघायला येत. सगळ्यांचे डोळे वरच्या मोठ्या पंख्यावर. मामा मात्र पहिल्याच दिवशी सरळ शेपटाकडे गेले. शेपटाच्या टोकाला एक छोटा पंखा असतो. तो थांबला, तर अख्खं यंत्र स्वतःभोवती गरगर फिरायला लागतं. इंजिनापासून त्या पंख्यापर्यंत शेपटाच्या पाठीवरून एक लांब, सडपातळ शाफ्ट जातो. थोड्याथोड्या अंतरावर बेअरिंगं त्याला धरून ठेवतात. मामांनी वरची झाकणं उघडी असताना हे सगळं बघून घेतलं आणि इंजिनिअर साहेबांना विचारलं, "साहेब, ह्यातलं एक बेअरिंग तुटलं तर ह्यो शाफ्ट कुठं जाईल?"

इंजिनिअर तिशीतला, गोरापान, पुढची बढती डोळ्यांपुढे असलेला. तो हसला. "अरे साळवे, ही मालगाडी नाही. हे तुटत नाही. ठरलेल्या तासांनी आपण बदलतो."

"मालगाडीचं पन कागदावर कवाच तुटत न्हाई साहेब."

एवढ्यावर थांबले असते तर ते मामा कसले! दुसऱ्या दिवशी खिशातली हातोडी काढून शेपटाच्या जोडावर टक्कन ठोका दिला, आवाज ऐकायला. इंजिनिअर किंचाळत धावला. हातोडी जप्त झाली. उलटा हात मात्र कुणाला जप्त करता येत नव्हता. हेलिकॉप्टर उतरलं, पंखे थांबले की मामा शिडी लावून एकेका बेअरिंगला बोटांची मागची बाजू टेकवत, आणि कुठलं किती तापलं ते खडूने एका पत्र्यावर मांडून ठेवत. पायलट, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत, ते पुढे पुढे उड्डाणाआधी तो पत्रा बघायला लागले.

आता माझी खोट. औषधाचा चिकट थर शेपटावर बसे. तो रोज धुवायचं काम माझ्याकडे होतं. टँकरला मी नवा जोरकस पंप बसवला होता. ट्रकचा वाळलेला चिखल एका झोतात निघायचा. मामा म्हणाले, "शेठ, बेअरिंगच्या तोंडावर झोत मारू नका. पानी आत जाईल, ग्रीस भाईर पडंल. फडक्यानं पुसा."

मी म्हणालो, "मामा, एवढं मोठं हेलिकॉप्टर फडक्याने पुसायचं? ते काय देव्हाऱ्यातले देव आहेत?"

माझे लोक ट्रक धुतात तसं हेलिकॉप्टर धूत राहिले. ते चकाकायचं. इंजिनिअर खूश, मी खूश.

मामांच्या पत्र्यावर मधल्या एका बेअरिंगच्या तापाच्या खुणा वाढत गेल्या, आणि एका सकाळी जमिनीवरच इंजिन चालू करताना ते फुटलं. मोकळा सुटलेला शाफ्ट चाबकासारखा फिरला. झाकण फाडलं, शेपटाचा पत्रा कापला. नशीब, यंत्र अजून वर उठलं नव्हतं. मामांनी तुकडे वेचून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि बेअरिंगमधलं ग्रीस बोटावर घेऊन आमच्या नाकासमोर धरलं. पांढरं होतं, ताकासारखं. "पानी," म्हणाले. एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तीन दिवसांनी ते एक वस्तू करून घेऊन आले. फळीवर सायकलचं जुनं बेअरिंग, त्यातून बांबूची काठी, आणि काठीभोवती, तिला कुठेही न टेकता, त्यांच्या मंडळींच्या हातातलं जुनं पितळी कडं, फळीला तारेने घट्ट बांधलेलं. इंजिनिअरसमोर त्यांनी काठी फिरवली आणि चालत्यातच बेअरिंगची खुंटी उपसली. काठी उसळली, कड्यावर आपटली आणि कड्याच्या आतच खडखडत फिरत राहिली.

"बेअरिंग मोडू द्या," मामा म्हणाले. "शाफ्ट कड्यात ऱ्हाईल. आवाज हुईल, कॅप्टनला कळंल, त्यो खाली उतरंल. शेपूट कापलं जानार न्हाई."

इंजिनिअर पहिल्यांदाच हसला नाही. म्हणाला, "साळवे, विमानावर कागदाशिवाय नटसुद्धा बदलता येत नाही." हे मात्र त्याचं खरं होतं. "चित्र काढून दे. मी वर पाठवतो." मामांनी खडूने पत्र्यावर काढलं, माझ्या दुकानातल्या कारकुनाने ते मापांसकट कागदावर उतरवलं, आणि कडं-काठीची फळीही इंजिनिअर घेऊन गेला.

शेपूट दुरुस्त होऊन हेलिकॉप्टर पुन्हा उडायला लागलं, आणि आठवडाभर आम्ही ते फडक्याने पुसलं. मग मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून इंजिनिअरने पंप मागवला. मी आनंदाने पाठवला. मामा त्या दिवशी पंपाच्या आणि शेपटाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. "धुवायचं आसंल तर आधी मला धुवा," म्हणाले. इंजिनिअरने दोघांना सांगून त्यांना बाजूला काढलं आणि शेपूट धुवून घेतलं. ते दोघे माझे गडी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी सगळ्या बेअरिंगांना ग्रीस दिलं. मी तिथे होतो. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. झाकण उघडून पाणी शिरलेलं बेअरिंग बदलायची मागणी त्यांनी केली. ती इंजिनिअरने नाकारली. पत्र्यावर तापायची खूण करायला त्यांना पुढची संधी मिळाली नाही. हेलिकॉप्टर उसावर असताना ते बेअरिंग गेलं, शाफ्टने शेपूट कापलं, आणि यंत्र भोवऱ्यासारखं फिरत उसात बसलं. उभ्या उसाने भार झेलला. कॅप्टनच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, जीव वाचला. त्यांना उसातून बाहेर काढणाऱ्यांत मामा सगळ्यात पुढे होते.

चौकशीला मुख्य कचेरीतून दोन माणसं आली आणि माझ्याच दुकानात, माझ्याच टेबलाशी बसली. कागद तयार होता. ग्रीस देण्याचं काम अकुशल मदतनीस साळवे याच्याकडे होतं, ते त्याने वेळेवर न केल्याने बेअरिंग निकामी झालं. शेजारी दुसरा कागद होता: पुढच्या हंगामाचं काम. पंपाचा विषय कुणी काढला नाही. काढला असता, तर दोष इंजिनिअरवर आणि माझ्यावर आला असता. मी त्या दिवशी उत्तम घासाघीस केली. एक टँकर जास्तीचा लावून घेतला. मग सही केली. डोक्यावर मामांच्या साखळीचा पंखा फिरत होता.

मामा दोन दिवसांनी आले. खुर्चीत बसले नाहीत.

"शेठ, मी ग्रीस देताना तुमी बघितलं व्हतं का न्हाई?"

"बघितलं होतं."

"मग?"

मी म्हणालो, धंदा आहे, माणसं पोसायची आहेत, पुढे बघू, तुमचं काय नुकसान झालं, तुम्ही तर निवृत्त आहात. बोलत गेलो. मला बोलता चांगलं येतं. मामा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मला त्या कड्यावर नाव नको. माझ्या नावावरली ती वळ खोडा. छत्तीस वर्सं मी डबं तपासलं. एक पन हॉट अॅक्सल, म्हंजी तापल्याली पेटी, माझ्या हातनं पुढं गेली न्हाई. मी ग्रीस दिलं न्हाई, असं ल्हेलेलं ऱ्हाता कामा नये."

जाताना दारात थांबले आणि वर पंख्याच्या साखळीकडे बघितलं. ठीक आहे ना, ते बघून मगच गेले. त्या बघण्याने माझं जे झालं, ते शिव्यांनी झालं नसतं.

पुढच्या हंगामात नवीन शेपटाचं हेलिकॉप्टर आलं. माझ्या माणसांना शेपूट पुसायला फडकी दिली गेली. पंपाला मनाई होती. मी शिडी लावून वर चढलो. प्रत्येक बेअरिंगशेजारी शाफ्टभोवती एक कडं बसवलेलं होतं. कंपनीच्या सुधारणेच्या पत्रकात त्याचं चित्र होतं, आणि चित्राखाली इंजिनिअरचं नाव. त्याला बढती मिळाली होती.

मी त्याला गाठलं. "ती फळी कुठे आहे, पितळी कड्याची?"

"कुठली फळी?"

"ज्याच्यावरून हे केलंत ती. साळव्यांची."

"शेठ, तुम्हीच सही केलीत की त्यांनी ग्रीस दिलं नाही. अशा माणसाचं नाव विमानाच्या कागदावर कसं घालणार?"

मी त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. त्या दिवशी माझं काम गेलं, दोन्ही टँकर परत आले. मी कचेरीला पत्रं लिहिली, माझा जबाब खोटा आहे असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. उत्तर आलं की प्रकरण बंद झालं आहे.

मामांना तळावर यायला बंदी होती. मी त्यांना घेऊन आलो. आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहिलो. हेलिकॉप्टर सुरू झालं तसे मामा डोळे मिटून ऐकत राहिले. थांबल्यावर एका गड्याने झाकण उघडलं, तेव्हा त्यांनी मान लांब करून बघितलं.

"मी अर्धं बोट जागा ठेवा म्हनलो व्हतो. त्यांनी एक बोट ठेवलीय. त्यांचंच बरोबर. अर्ध्यात उगाच घासलं आसतं. चांगलं केलंय शेठ. कॅप्टन लोक वाचतील."

मग कुंपणाची तार बोटांनी चाचपत म्हणाले, "वळ खोडली का?"

"नाही मामा."

"मग इचारत ऱ्हावा. मी बी इचारतो."

दर महिन्याला ते एक कार्ड कंपनीला टाकत. दोन ओळींचं. ग्रीस दिलं होतं, नोंद दुरुस्त करावी. शेवटपर्यंत टाकत राहिले.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते दौंड स्टेशनवर. मी पुण्याच्या गाडीत बसलो होतो. पलीकडच्या रुळावर मालगाडी येऊन थांबली होती, आणि मामा, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, कामाशी काही संबंध न उरलेला माणूस, तिच्या कडेकडेने चालत होते. यार्डातली तरुण माणसं त्यांना अडवत नव्हती. एका पेटीशी थांबले, उलटा हात टेकवला, मान हलवली, पुढे गेले. पुढच्या पेटीशी थांबले. पुन्हा टेकवला. आणि खिशातून खडू काढला. माझी गाडी हलली. ती खूण कसली केली, मला दिसली नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले.

माझ्या सहीचा जबाब मी दिला आहे, पुन्हा देतो: ती खोटी होती, साळव्यांनी ग्रीस दिलं होतं, पाणी माझ्या पंपाचं होतं. आता इंजिनिअर साहेब, तुम्ही कुठे असाल तिथून उत्तर द्या. तुमच्या चौकशीच्याच कागदावर लिहिलं आहे की दोष फक्त ग्रीस न दिल्याचा. तसं असेल, तर नवा मदतनीस ठेवला असता की काम भागलं असतं. मग प्रत्येक बेअरिंगशेजारी ते कडं का बसवलं? आणि दोष ग्रीसचा नव्हता म्हणून बसवलं असेल, तर त्या माणसाच्या नावावरची ती ओळ अजून तिथे कशी आहे?